कडी लावणारा हात

नागरिकशास्त्राच्या तासाला आम्ही न्यायालयांची उतरंड शिकवत होतो. वर्ध्याच्या सत्र न्यायालयाने शिक्षा दिली तर अपील नागपूर खंडपीठाकडे जाते, असे फळ्यावर लिहिले. मागच्या बाकावरून एका मुलाने विचारले, "सर, ज्याने स्वतः काही केले नाही, फक्त दाराला कडी लावली, त्यालाही शिक्षा होते?"

होते. भारतीय दंड संहितेच्या कलम 107 प्रमाणे चिथावणी देणे, कटात सामील होणे किंवा जाणूनबुजून मदत करणे ही अपप्रेरणा आहे. मदतीमुळे गुन्हा घडला, तर मदतनीसाला सहसा मूळ गुन्ह्याचीच शिक्षा. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेतही (कलम 45 व 49) हेच तत्त्व आहे. उर्दूत याला 'इआनत-ए-जुर्म' म्हणतात. इआनत म्हणजे मदत. सूरह फातिहात आपण अल्लाहकडे जी मदत मागतो, तो शब्दही याच धातूचा. एकच शब्द इबादतीत आहे आणि आरोपपत्रातही.

आमच्या विदर्भातच एक दार असे लागले होते. 26 मार्च 1972 च्या रात्री देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मजूर मुलीचा जबाब झाला. नातेवाइकांना बाहेर काढले, तिला आत थांबवले. बाहेरच्यांना दिसले की दिवे गेले आहेत आणि दार आतून बंद आहे. ठाण्यात त्या वेळी दोन पोलीस होते.

चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने 1974 मध्ये दोघांनाही सोडले. 1976 मध्ये नागपूर खंडपीठाने निकाल फिरवला. हतबल होऊन गप्प राहणे म्हणजे संमती नव्हे, असे सांगून एका शिपायाला बलात्काराबद्दल पाच वर्षे आणि हेड कॉन्स्टेबलला विनयभंगाबद्दल एक वर्ष शिक्षा दिली. दोघांनी अपील केले. 15 सप्टेंबर 1978 रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोघांनाही निर्दोष ठरवले. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरड नाही, असे त्याचे एक कारण. पुढे 1979 मध्ये चार कायदेपंडितांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर मोर्चे निघाले आणि 1983 मध्ये कायदा बदलला. कायद्याच्या पुस्तकांत हा खटला हेड कॉन्स्टेबलच्या नावाने आहे. लोकांच्या तोंडी मात्र त्या मुलीचेच नाव राहिले. बंद दाराबद्दल, मदतनीस म्हणून, कोणालाच शिक्षा झाली नाही.

2006 मध्ये मध्य प्रदेशातील एक खटला सर्वोच्च न्यायालयात आला. पीडितेचा आरोप असा, की तिने आरोपीच्या पत्नीकडे मदतीची याचना केली, तर त्या बाईने तिला थप्पड मारली, दार लावले आणि निघून गेली. न्यायालय म्हणाले, स्त्रीवर सामूहिक बलात्काराचा आरोप ठेवता येणार नाही. अपप्रेरणेचा प्रश्न मात्र खुला ठेवला.

आम्ही अपिलाच्या विरोधात नाही. नुसते हजर असणे म्हणजे मदत नव्हे, हेतू सिद्ध झालाच पाहिजे, हे कायद्याचे म्हणणे रास्त आहे. नाहीतर आरोपीचे सारे घरदारच तुरुंगात जाईल. संशयाचा फायदा आरोपीला मिळायलाच हवा. पण न्यायालयाने दिलेला हा फायदा आपण परस्पर स्वतःला देऊन टाकतो, तिथे घोटाळा होतो. सूरह माइदाच्या दुसऱ्या आयतीत गुनाह आणि जुलमाच्या कामात एकमेकांना मदत करण्याची मनाई आहे. तिथे साक्षीदारांची उलटतपासणी नाही. जाब ज्याचा त्याने द्यायचा आहे.

आमचाच जाब देतो. काही वर्षांपूर्वी आमच्या वर्गातली एक मुलगी शाळेत यायला घाबरू लागली. वाटेवर एक तरुण तिला अडवायचा. शिक्षकांच्या खोलीत चर्चा झाली. मोहल्ल्याची इज्जत, मुलीचे पुढचे स्थळ, सगळ्याचा विचार झाला. मग आम्ही तिच्या वालिदांना बोलावून सांगितले, "काही दिवस घरीच राहू द्या." ते मान खाली घालून गेले. त्या तरुणाला कोणी एक शब्द बोलले नाही.

2012 च्या पॉक्सो कायद्याने अशी गोष्ट कळल्यावर पोलिसांना कळवणे बंधनकारक केले आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आम्हाला तो कायदा माहीत होता. आमचा हेतू वाईट नव्हता, हेही खरे. पण त्या मुलीसाठी शाळेचे दार बंद झाले आणि कडीवर हात आमचा होता.

त्या मुलाला आम्ही "हो, शिक्षा होते" एवढेच सांगितले. तास संपल्यावर त्या वर्षाचा हजेरीपट काढून पाहिला. तिच्या नावापुढे आमच्याच अक्षरात लिहिले होते : सतत गैरहजर.