गाय ठेवली, वासरू कुणाचे?

कुत्रा पाळणाऱ्या माणसाला सर्वांत जास्त धास्ती कशाची वाटत असेल तर "सहकुटुंब सहपरिवार" या दोन शब्दांची. कुटुंब म्हणजे किती जण हे पत्रिका छापणाऱ्याने सांगितलेले नसते, आणि कुत्र्याला विचारावे तर तो स्वतःला कुटुंबप्रमुख समजत असतो. कार्यालयवाले त्याला आत घेत नाहीत. नातेवाईक "आणा की!" म्हणतात, पण ज्या आवाजात म्हणतात त्यावरून काय ते आपण ओळखायचे असते.

ही अडचण आजची नाही. महाप्रस्थानाला निघालेल्या धर्मराजाचे चारही भाऊ आणि द्रौपदी वाटेत पडली, शेवटपर्यंत बरोबर आला तो कुत्रा. आणि नेमके स्वर्गाच्या दारात इंद्राने सांगितले, कुत्र्याला आत प्रवेश नाही. धर्मराज म्हणाला, मग मलाही नको तुमचा स्वर्ग. थोर माणूस! पण धर्मराजाला फक्त स्वर्ग नाकारायचा होता. आम्हां मध्यमवर्गीयांना कोल्हापूरचे मेहुण्याच्या मुलीचे लग्न नाकारायचे असते, आणि तेही सौभाग्यवतीच्या सख्ख्या भावाच्या.

धर्मराजाच्या वेळी जी सोय नव्हती ती आता पुण्याच्या आजूबाजूला झाली आहे. सकाळी सोडून संध्याकाळी न्यायचा असेल तर कुत्र्याचे डे केअर, मुक्काम असेल तर बोर्डिंग. २०२०च्या टाळेबंदीत आमच्या सोसायटीत घरोघर पिल्ले आली. आमचा बंड्याही त्याच लाटेतला. माणसे घरात कोंडलेली होती तोवर कुत्र्यांची चंगळ होती. (बँका तेव्हाही उघड्या होत्या, हे जाता जाता नम्रपणे नमूद करतो. थाळ्या वाजवताना आमची आठवण कुणाला झाली नाही.) मग कचेऱ्या सुरू झाल्या, आणि जन्मापासून चोवीस तास माणूस पाहायची सवय झालेली ती कुत्री बंद दारामागे गळा काढू लागली. शेजारी तक्रार करू लागले. तेव्हापासून आमच्या सोसायटीच्या फाटकाशी सकाळी दोन गाड्या उभ्या राहतात. एक शाळेची आणि एक कुत्र्यांची. कुत्र्यांच्या गाडीत जास्त उत्साहाने चढतात.

बंड्याला आम्ही ठेवतो ती जागा पौड रस्त्याला आहे. शेताचा तुकडा, भोवती जाळीचे कुंपण, पत्र्याची लांबलचक शेड, पाण्याची टाकी. पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी पुढे केलेला फॉर्म पाहून माझ्यातला कारकून गहिवरला. बचत खात्याला आम्ही मागत नाही इतकी माहिती! रेबीजची लस कधी, डिस्टेंपर आणि पार्व्होची कधी, चार कुत्री एकत्र आली की पसरणाऱ्या त्या खोकल्याची कधी. डॉक्टरांचा नंबर. खातो काय? (अन्न एकदम बदलले की पोट बिघडते, म्हणून घरचेच बरोबर द्यायचे.) फटाक्यांना भितो का? आणि शेवटी खोचक प्रश्न : चावतो का?

या रकान्यात आजवर कुणी "हो" लिहिलेले नाही, असे मालक म्हणाले. लोक "खेळकर आहे" असे लिहितात. ज्याच्या कुत्र्याने घरी आलेल्या तीन पाहुण्यांना टाके घालायला लावले, तो "फारच खेळकर" लिहितो.

आता इथे माझे बी. कॉम. कामाला आले. पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच. मर्कंटाईल लॉ नावाचा एक विषय आम्हांला होता आणि त्यात १८७२चा करार कायदा होता. आपली वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात द्यायची आणि काम झाल्यावर तीच परत घ्यायची, याला त्यात बेलमेंट म्हणतात, मराठीत निक्षेप. बँकेतली ठेव म्हणजे निक्षेप नव्हे बरे का! तुम्ही शंभराची नोट भरलीत की ती बँकेची झाली. परत मिळते ती दुसरीच नोट, आणि तिच्यावरून कुणी भांडत नाही. कुत्र्याचे तसे नाही. सोमवारी लॅब्रॅडॉर ठेवला आणि रविवारी तेवढ्याच वजनाचा दुसरा लॅब्रॅडॉर आणून दिला तर चालत नाही.

याच कायद्याच्या कलम १५०मध्ये एक घोडा आहे. खोडकर घोडा, हे माहीत असून न सांगता दुसऱ्याला दिला आणि त्याने घेणाऱ्याला पाडले, तर भरपाई देणाऱ्याने करायची. म्हणजे "खेळकर"वाल्यांची सोय १८७२ सालीच करून ठेवलेली आहे. आणि इंग्रजांना तरी काय नावे ठेवा. मनुस्मृतीत भांडणांची अठरा खाती मांडली आहेत, त्यांत कर्जानंतर लगेच निक्षेप येतो, आणि पुढे जनावराचा मालक व त्याचा राखणारा यांच्या भांडणाला एक वेगळे खातेच दिले आहे. दिवसा जबाबदारी राखणाऱ्याची. रात्री जनावर मालकाच्या घरी असेल तर मालकाची, नाहीतर राखणाऱ्याचीच. डे केअर आणि बोर्डिंग यांतला फरक याहून स्वच्छ कुठल्याही दरपत्रकात मी वाचलेला नाही.

तर सांगायचा मुद्दा असा, की राखणाऱ्याने काळजी किती घ्यायची, हेही कायदा सांगतो. सामान्य शहाणपणाचा माणूस स्वतःच्या तसल्याच वस्तूची घेईल तेवढी. पण बंड्याला सोडताना आमच्या हिने तिथल्या पोराला काय सांगितले? "सामान्य शहाणपणाने सांभाळ" असे नाही सांगितले. ती म्हणाली, "जीव लाव हो जरा."

आणि इथून पुढे करार कायदा माझ्या उपयोगी पडेनासा झाला.

एक तर कुत्र्याला काही सांगताच येत नाही. मुलाला पाळणाघरात सोडताना "आई संध्याकाळी येते हं" म्हणता येते. त्याला ते खोटे वाटले तरी ऐकू तरी येते. बंड्याच्या दृष्टीने आपण त्याला गाडीत घालून परक्या ठिकाणी आणतो, दोरी परक्याच्या हातात देतो आणि पाठमोरे होतो. दोघांना एकच गोष्ट एकाच अर्थाने समजली तरच संमती, असे कलम १३ म्हणते. त्या हिशेबाने "परत न्यायला येतो" हे माझे बोलणे कागदालाही महाग. ज्याला समजलेच नाही त्याला दिलेला शब्द मोडला तर तक्रार करायला तो येणार नाही. म्हणजे तो शब्द बांधतो फक्त देणाऱ्याला. कर्जाच्या कागदावर तीन-तीन साक्षीदारांच्या सह्या घेऊन फसलेली बँक मी पाहिली आहे. हा व्यवहार तर एका सहीवर चालतो.

सगळे पाळतात असेही नाही. त्या शेडमध्ये दोन कुत्री आहेत. चार दिवसांसाठी म्हणून आली. पाचव्या दिवशी मालकांचा फोन बंद. दहा वर्षे कुणी न विचारलेली ठेव आम्ही रिझर्व्ह बँकेच्या निधीकडे पाठवून मोकळे होतो. न विचारलेला कुत्रा रिझर्व्ह बँक घेत नाही. ती दोघे तिथेच आहेत, आणि फाटकाशी गाडी थांबली की त्यातले एक अजून उठून उभे राहते. दुसऱ्याने सोडून दिले आहे.

आता जे परत न्यायला जातात, म्हणजे आपण सज्जन, त्यांचे बघू. कोल्हापूरच्या लग्नात रोज संध्याकाळी बोर्डिंगवाल्यांकडून मोबाइलवर व्हिडिओ येत असे. पहिल्या दिवशी निरोप आला, बंड्या जेवला नाही. ही हळहळली, पण त्या हळहळीत एक ऊब होती. दुसऱ्या दिवशी अर्धे जेवला. छान झाले! तिसऱ्या दिवशीच्या व्हिडिओत बंड्या त्या पोराच्या मांडीवर डोके ठेवून पोट वर करून झोपला होता. ही बराच वेळ बघत राहिली, आणि सीमान्तपूजन चालू असताना माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "इतक्यात?"

त्या एका शब्दावर मी त्या दिवसापासून विचार करतो आहे. आपल्याला कुत्रा आनंदात हवा असतो. पण फार नको. उपाशी राहू नये, पण ताटाकडे पाहून एक उसासा टाकावा. लेक सासरी रमली की आई देवापुढे साखर ठेवते आणि मग न्हाणीघरात जाऊन डोळे पुसते, त्यातलीच ही गत. तोक्योच्या शिबुया स्टेशनवर हाचिको नावाच्या कुत्र्याचा पुतळा आहे. मालक १९२५ साली वारला, आणि हा १९३५ साली स्वतः मरेपर्यंत त्याची वाट पाहायला स्टेशनवर येत राहिला. पुतळा १९३४ सालीच बसवला, तोही त्याच्या देखत! जगभरचे लोक तिथे फोटो काढतात. मला मात्र वाटते, त्या दहा वर्षांत कुणी त्याला मांडीवर घेऊन रमवले असते तर हाचिकोचे भले झाले असते. स्टेशनचे नुकसान झाले असते एवढेच. दुसऱ्या माणसापाशी सुखाने रमलेल्या कुत्र्याचा पुतळा काही माझ्या ऐकिवात नाही.

आणि ज्याच्यापाशी रमायचे त्या पोराचे काय? बीड जिल्ह्यातला आहे, वय असेल बावीस-तेवीस. कुत्र्यांच्याच शेडमध्ये एका टोकाला त्याची कॉट आहे. मी एकदा त्याला बँकेतला वेदान्त सांगितला. म्हटले, आमचा कॅशियर दिवसभर लाखो रुपये मोजतो, पण त्यातला एकही आपला नाही हे तो जाणतो, म्हणून संध्याकाळी शांत झोपतो. तसे अलिप्त राहावे. पोरगा ऐकून घेत होता. मग म्हणाला, "साहेब, नोटा काय उपाशी ऱ्हात न्हाईत. कुत्रं जीव लावल्याबिगर खातच न्हाई. आन् जीव लावला की तुम्ही घिऊन जाता."

मी गीतेवरची दोन प्रवचनमालिका ऐकलेला माणूस, पण यावर मला काही सुचले नाही. फळाची आसक्ती सोडून कर्म कर, हे ठीक. पण जिथे आसक्ती हेच कर्म आहे, तिथे काय सोडायचे? दाई, पाळणाघरातली मावशी, म्हाताऱ्यांपाशी रात्री बसणाऱ्या बायका, सगळ्या याच धंद्यातल्या. कोरडेपणाने केले तर काम वाईट, ओलाव्याने केले तर महिनाअखेर आपलेच खाते उणे.

कलम १६३मध्ये एक गाय आहे. सांभाळायला ठेवलेली गाय व्याली तर वासरूही मालकाला द्यायचे. ठेवीत झालेली वाढ मालकाची. बंड्या मागच्या दिवाळीनंतर परत आला तो एक नवी शिस्त घेऊन आला. ताट समोर आले तरी "घे" म्हटल्याशिवाय तोंड लावत नाही. हे वासरू आम्ही घरी आणले आणि चार लोकांत मिरवलेही. पण तोंडाने च्‌ च्‌ असा आवाज कुणी केला की तो आम्हांला सोडून दाराकडे धावतो. हे वासरू कुणाच्या गोठ्यातले? माझे मत विचाराल तर ते त्या पोराचे आहे, आणि त्याला महिन्याला जे मिळते त्यात त्याची किंमत धरलेली नाही. वर आपण दोनशे रुपये हातावर ठेवतो ते कुठल्या खात्याला टाकायचे हे मला अजून ठरवता आलेले नाही. बक्षिसीच्या तर नक्कीच नाही.

कोल्हापूरहून परतल्यावर मी त्याला आणायला गेलो तो नेमका जेवणाच्या वेळी. पोरगा चुलीवरच्या मोठ्या पातेल्यात बिनमिठाचा भात-चिकन ढवळत होता.

"दिवाळीला गावी जाणार ना?" मी विचारले.

"दिवाळीत कुठलं, साहेब! फटाक्यापायी तवाच तर हितं फुल्ल असतंय."

"घरी कुत्रं आहे का तुमच्या?"

"हाय की. मोत्या."

"त्याला कोण बघतं?"

"त्याला काय बघायचं? गावातच असतंय. मी गेलो की वळखतंय."

"शेवटचा कधी गेला होतास?"

"शिमग्याला," तो म्हणाला, आणि बोटांवर काहीतरी मोजू लागला. पण भात खाली लागायला आला होता म्हणून मोजणे सोडून त्याने पातेले उतरवले आणि च्‌ च्‌ असा आवाज केला. शेडमधून अकरा कुत्री धावत आली आणि अकरा शेपट्या एकदम हलू लागल्या. त्यांत बंड्याची कुठली हे मला लांबून ओळखता येईना.