मुलांना नाताळच्या भेटी किती?

डिसेंबर लागला की कॅरोलच्या तालमी आणि चर्चच्या रंगरंगोटीची गडबड सुरू होते, तसाच घराघरांत आणखी एक हिशोब सुरू होतो. थोरलीला काय घ्यायचे, धाकट्याला काय घ्यायचे, एकाला दोन वस्तू घेतल्या तर दुसऱ्याला एकच कशी चालेल, आणि शेजारच्या बिऱ्हाडातील मुलाला पाच मिळणार असतील तर आपल्याने काय तोंड पाहत बसावे काय? संडे स्कूलच्या शिक्षकांपुढेही हा प्रश्न असतो. त्यांच्याकडे मुले चाळीस असतात आणि पैसे बेताचे.

वरवर पाहता हा प्रश्न बाजारहाटाचा आहे. व्यासपीठावरून त्यावर कोणी उपदेश करील असे वाटत नाही. तथापि आम्हांला तो लहान वाटत नाही, आणि त्याचे कारण असे की, मुलाला कृपा हा शब्द कळण्याच्या कितीतरी आधी भेट म्हणजे काय ते कळते. फुकट मिळाले, मागितले नव्हते तरी मिळाले, कोणीतरी आपली आठवण ठेवून आणले, हे सारे त्याला खोक्याच्या कागदाबरोबर हाती येते. पुढे आपण वर्गात कृपेविषयी शिकवू लागतो तेव्हा ते मूल त्या शब्दात आपला हाच जुना अनुभव भरत असते. तो अनुभव कसा होता याला म्हणून महत्त्व आहे.

आमच्या आईवडिलांच्या पिढीत हा पेच फारसा नव्हता. बेळगाव घ्या, इंदूर घ्या, बडोदे घ्या, आपल्या साध्या कुटुंबांतून नाताळला नवे कपडे होत आणि तीच भेट असे. बहुधा एकाच ताग्यातून सगळ्या भावंडांचे कपडे बेतले जात. त्या काळचे फोटो कोणाकडे असतील तर पाहावेत. तीन भाऊ एकाच चौकड्याच्या शर्टात उभे आहेत आणि बहिणीच्या फ्रॉकलाही तेच कापड. थोरल्याला कापड अधिक लागे म्हणून धाकट्याने कधी तक्रार केली नाही. त्याचा शर्ट त्याच्या अंगाचा होता, एवढे त्याला पुरे होते. करंज्या-चकल्यांची ताटे शेजारीपाजारी जात, दिवाळीला आलेली ताटे परत भरून जात, आणि सण पार पडे. त्या दिवसांचे आम्ही गोडवे गात नाही. पुष्कळ घरांत दुसरे काही घेण्याची ऐपतच नव्हती आणि टंचाईला सद्गुण म्हणणे ही आपल्या लोकांची एक जुनी खोड आहे.

मुलांना नाताळच्या भेटी देणे हा पुरातन ख्रिस्ती आचार आहे, अशीही काहींची समजूत आहे. तिच्याबद्दल दोन शब्द सांगण्यासारखे आहेत. १८१३ साली मुंबईस उतरलेले अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे न्यू इंग्लंडच्या प्युरिटन परंपरेत वाढलेले. त्याच परंपरेच्या लोकांनी मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ साली नाताळ पाळणाऱ्यास पाच शिलिंग दंड ठरवला होता, आणि तो कायदा १६८१ पर्यंत टिकला. १८२९ साली मुंबईस आलेले डॉ. जॉन विल्सन स्कॉटलंडचे. त्यांच्या देशात २५ डिसेंबरला सार्वजनिक सुटी मिळाली ती १९५८ साली. तांबड्या नाकाचा, रेनडिअरच्या गाडीतून येणारा, मोजे भरून जाणारा म्हातारा घरोघर पोचला तो मुख्यतः न्यूयॉर्क राज्यातील ट्रॉय येथील एका वर्तमानपत्रात डिसेंबर १८२३ मध्ये छापलेल्या कवितेमुळे. म्हणजे ज्यांनी आपल्या वाडवडिलांना शुभवर्तमान सांगितले, त्यांच्या शिदोरीत ही भेटींची चाल नव्हती. ती मागाहून आली. मागाहून आली म्हणून वाईट असे नव्हे. पण तिला शास्त्राचा आधार शोधण्याची यातायात तरी करू नये.

अशी यातायात होते. अलीकडे काही सुशिक्षित घरांत तीनचा नियम ऐकू येतो. बाळ येशूला तीन भेटी मिळाल्या, म्हणून आमच्या मुलालाही तीनच. हेतू चांगला, आठवायलाही सोपा. परंतु मत्तयाने सोने, ऊद आणि गंधरस अशी जिन्नसांची नावे दिली आहेत. मागी लोकांनी किती पिशव्या सोडल्या हे त्याने लिहिलेले नाही, आणि मागी लोक तीन होते असेही लिहिलेले नाही. शिवाय त्या तिन्हींत खेळणे एकही नव्हते. आकडा हवाच असेल तर तो आपल्या विवेकाने ठरवावा.

भेटी मोजून देण्याची खरी गोष्ट पवित्र शास्त्रात आहे ती शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या आरंभी. एलकाना दरवर्षी शिलोस यज्ञ करी तेव्हा पनिन्नेला आणि तिच्या मुलामुलींना वाटे देई, आणि हन्नेला दुप्पट वाटा देई, कारण तिच्यावर त्याची प्रीती होती. काय निष्पन्न झाले? हन्ना रडत बसे आणि जेवत नसे. दुप्पट वाटा तिचे दुःख निम्मे करू शकला नाही, आणि समोर बसलेल्या पनिन्नेच्या मुलांनी आपले वाटे मोजले नसतील असे आम्हांला वाटत नाही. एलकाना दुष्ट मनुष्य नव्हता. प्रीती दाखवायची तर अधिक द्यावे, एवढेच त्याला ठाऊक होते. आपल्यापैकी पुष्कळ बाप एलकाना आहेत. वर्षभर ड्यूटी, ओव्हरटाइम, बदलीचे गाव. मग नाताळला एकदम चार खोकी.

त्याच हन्नेला पुढे मुलगा झाला आणि तिने तो एली याजकापाशी ठेवला. ती दरवर्षी त्याच्यासाठी एक लहानसा झगा शिवून नेई. वर्षातून एक. मूल डोळ्यांसमोर नाही. ते वर्षभरात किती वाढले असेल, खांदे किती रुंदावले असतील, याचा अंदाज घेत तिने कापड बेतले असेल. पुढे तिला आणखी पाच मुले झाली. तोवर हा झगा चालू राहिला की नाही हे शास्त्र सांगत नाही.

शास्त्रात दुसराही एक झगा आहे. तोही एकच होता. याकोबाने योसेफाला पायघोळ झगा करून दिला आणि बाकीच्या भावांना तसा दिला नाही. त्यातून विहीर, वीस रुपये आणि मिसर देश एवढे सगळे घडले. म्हणून एकच भेट द्या असा नियम केला की प्रश्न सुटला, असे मानता येत नाही. दोन्ही झगे एकेकच. फरक असा की हन्नेने आपला झगा मुलाच्या अंगाकडे लक्ष ठेवून बेतला, आणि याकोबाने आपला झगा स्वतःच्या मनातील क्रम दाखवण्यासाठी दिला.

आता घरातील व्यवहाराकडे येऊ. सहासात वर्षांच्या आतील मूल संख्या मोजते, किंमत मोजत नाही. थोरल्याला एक सायकल आणि धाकटीला चार चेंडू-बाहुल्या दिल्या तर धाकटी स्वतःला श्रीमंत समजते. थोरला दहाबारा वर्षांचा झाला की किमतीची चिठ्ठी वाचू लागतो. दोघांना खूश ठेवणारा आकडा कोणालाही सापडणार नाही, कारण दोघांचे माप निराळे आहे. खर्च समान ठेवावा की वस्तू समान ठेवाव्यात, यावर नवराबायकोत रात्र रात्र वाद होतात. आमचे मत असे की दोन्ही समान ठेवण्याचा नाद सोडावा आणि ताग्यातील कापड आठवावे. प्रत्येकाला त्याच्या अंगाचे.

फार भेटींनी मूल सुखी होते का, याबद्दल एक लहानसा प्रयोग सांगण्याजोगा आहे. अमेरिकेतील टोलेडो विद्यापीठाच्या संशोधकांनी दीड ते अडीच वर्षांच्या ३६ मुलांना एकदा चार खेळण्यांच्या खोलीत आणि एकदा सोळा खेळण्यांच्या खोलीत खेळू दिले. २०१८ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा की, चारच खेळणी असता मुले एकेका खेळण्याशी अधिक वेळ रमली आणि त्याच्याशी अधिक तऱ्हांनी खेळली. ज्या आजीने नातवाला पातेली आणि डाव देऊन दुपार काढली आहे तिला हे नवीन वाटणार नाही. पण आजीचे कोणी ऐकत नाही, म्हणून विद्यापीठाचे सांगितले.

म्हणून लहान मुलाला आईबापांकडून एकच भेट, घरात, घरच्या प्रार्थनेनंतर द्यावी, असे आम्ही सुचवतो. काका, मावशी, आजोबा यांनी आणलेले त्यांच्या त्यांच्या भेटीच्या दिवशी उघडावे. नाताळापासून ६ जानेवारीच्या प्रकटीकरणाच्या सणापर्यंत दिवस पुष्कळ आहेत. एका सकाळी सात कागद फाडणाऱ्या मुलाला कोणते कोणी दिले हे सांगता येत नाही, मग आभार कोणाचे मानायचे? आणि ज्या घरात एक भेटही ओढाताणीने होते तेथे कर्ज काढून दुसरी आणू नये.

एक अपवाद आमच्या मनात घोळतो. आपल्या मंडळ्यांतून कितीतरी आया परिचारिका म्हणून आखाती देशांत आहेत. मुले आजीपाशी वाढतात. डिसेंबरात मोठे पार्सल येते, त्यात आठदहा वस्तू असतात, आणि आजूबाजूचे म्हणतात, बघा, पैशाने लाड चालले आहेत. असे म्हणणाऱ्यांनी जरा दमाने घ्यावे. त्या पार्सलातले बूट दोन अंगुळे मोठे निघाले तर ती आई मनात मूल किती वाढवून बसली आहे ते कळते. तिला आमचा आकडा सांगण्याचा अधिकार आम्हांला नाही. आजीने वाटल्यास त्यांतील काही वस्तू कपाटात ठेवून वर्षभरात एकेक काढाव्यात, म्हणजे आई पुनःपुन्हा घरी येईल.

आणि आता ज्यासाठी मुख्यतः हा लेख लिहिला ते संडे स्कूलचे झाड. पुष्कळ ठिकाणी अशी रीत पडली आहे की, पालक आपापल्या मुलाचे नाव लिहून पुडके आधी शिक्षकांकडे देतात आणि नाताळबाबा घंटा वाजवीत नाव पुकारून ते वाटतो. एका मुलाचे नाव तीनदा पुकारले जाते. दुसऱ्याला मंडळीकडून पेन्सिल आणि खोडरबर. त्यावर कडी म्हणजे नाताळबाबा माइकवरून विचारतो, यंदा शहाण्यासारखे कोण वागले? आणि मग पुडके देतो.

येथे आम्हांला राहवत नाही. कर्मांनी कोणी नीतिमान ठरत नाही हे आपण मोठ्यांना वर्षभर शिकवतो, आणि वर्षातील सर्वांत आनंदाच्या संध्याकाळी, सर्वांत लहान मुलांना, झाडाखाली उभे करून नेमके उलटे शिकवतो. पेन्सिल मिळालेले मूल बापाचा पगार मोजत नाही. ते मनाशी म्हणते की मी वाईट असणार. तीन पुडकी मिळालेले मूल जे मनाशी म्हणते ते कदाचित त्याहून घातक आहे. ज्या संत निकोलसच्या नावावर हे चालते, तो चौथ्या शतकातील मायराचा बिशप. त्याच्याविषयी आख्यायिका अशी आहे की, एका कंगाल बापाच्या तीन मुलींच्या लग्नासाठी त्याने रात्री, कोणी पाहू नये अशा बेताने, सोन्याच्या थैल्या घरात टाकल्या. त्या मुली चांगल्या वागल्या होत्या का हे त्याने विचारल्याचे कोणी सांगत नाही. घंटाही वाजवली नाही.

लग्नकार्यातील आहेराची वही आपणां सर्वांना माहीत आहे. कोणी किती घातला ते लिहून ठेवायचे, आणि त्यांच्या घरच्या कार्यात तेवढा परत करायचा. व्यवहारात ती वही चालते. तिने कितीएक गरिबांची लग्ने पार पडली आहेत. पण झाडाखाली ती वही नको.

शिक्षक म्हणतील, पालकांना नाही कसे म्हणावे? पालकसभा नोव्हेंबरातच घ्यावी आणि पंचकमिटीच्या नावाने सांगावे की नाव घातलेली घरची पुडकी झाडाला येणार नाहीत. ती घरी द्यावीत. ज्याला जास्त द्यायचे आहे त्याने रक्कम संडे स्कूलच्या निधीत द्यावी, पावती मिळेल. त्या निधीतून वयाप्रमाणे वस्तू घ्याव्यात: बालवर्गाला रंगखडू, मधल्यांना चेंडू किंवा दोरी, मोठ्यांना गोष्टींचे पुस्तक. एकाच वर्गात एकच जात. नाताळबाबा हवा असेल तर असू द्यावा. मुलांना तो आवडतो, आणि दाढी लावायला हौशी काका मिळतोच. त्याने फक्त तो प्रश्न विचारू नये.

पुडकी नावनिशीवार हजेरीपटाप्रमाणे बांधली जातात. त्यांत पाचदहा जास्तीची बिननावाची बांधून ठेवावीत. राखणदाराची मुले त्या दिवशी आवारात असतात, फाटकाशी उभी राहून पाहणारी गल्लीतील दोनचार असतात, कोणाच्या घरी सुटीला आलेला भाचा असतो. त्यांना आत बोलवावे, नाव तिथेच विचारावे आणि इतरांप्रमाणेच मोठ्याने पुकारावे.