पलंगाखालची रेघ

व्हिल्सबिबुर्ग हे जर्मनीच्या बव्हेरियातलं छोटं गाव. १९२९ साली गुस्ताफ फॉन पोल हे गृहस्थ हातात पाणाड्याची काटकी घेऊन तिथे फिरले, जमिनीतून 'भूकिरण' निघतात त्या जागांच्या रेघा नकाशावर ओढल्या आणि गावात कॅन्सरने गेलेल्यांचे बिछाने त्याच रेघांवर होते, असं त्यांनी जाहीर केलं. जमिनीतल्या अशा रेघांमुळे माणूस आजारी पडतो, या 'जिओपॅथिक स्ट्रेस'च्या चर्चेत आजही हा नकाशा पुढे केला जातो. पण जे ठणठणीत राहिले त्यांचे बिछाने कुठे होते?

पुढे एर्न्स्ट हार्टमान या डॉक्टरांनी साऱ्या पृथ्वीवर अशा रेघांचं जाळंच अंथरलं. दक्षिणोत्तर रेघा दर दोन मीटरवर, पूर्व-पश्चिम रेघा दर अडीच मीटरवर आणि प्रत्येक रेघ वीसेक सेंटिमीटर रुंद. म्हणजे मधली निर्धोक जागा उरते १८० बाय २३० सेंटिमीटर. आपला सहा बाय साडेसहा फुटांचा डबलबेड १८३ सेंटिमीटर रुंद असतो. तीन सेंटिमीटरनी तो बसत नाही! त्यातून खोली दिशांना धरून बांधलेली नसेल, तर विचारायलाच नको. आजारी माणूस रेघेवर झोपलेला सापडला, यात नवल ते काय?

काटकी किंवा सळई धरून रेघा शोधणारा खोटंच बोलतो असं नाही. मनात असतं ते हात नकळत करून जातो, हे फॅरेडेने १८५३ मध्ये हात ठेवले की 'आपोआप' फिरणाऱ्या टेबलांच्या बाबतीत दाखवून दिलं होतं. १९८७-८८ मध्ये म्युनिकजवळच्या एका कोठारात सरकारी पैशाने मोठी चाचणी झाली. सुमारे ५०० पाणाड्यांतून निवडलेले ४३ जण, ८४३ फेऱ्या. खाली पाण्याची नळी सरकवायची, वरच्या मजल्यावरून पाणाड्याने तिची जागा सांगायची. संशोधकांना काही जणांत अद्भुत कौशल्य दिसलं. जिम एनराइट या अमेरिकी शास्त्रज्ञाने तीच आकडेवारी पुन्हा तपासली, तेव्हा सर्वोत्तम पाणाड्या दहा मीटरच्या पट्ट्यात, डोळे मिटून दर वेळी मध्यावर बोट ठेवणाऱ्यापेक्षा सरासरी चार मिलिमीटरनी सरस निघाला.

आपल्याकडेही पुण्यातल्या काही अभियंत्यांनी रक्तदाब आणि हृदयाचे ठोके या जिओपॅथिक ताणाशी जोडणारे शोधनिबंध लिहिले आहेत. अशा अभ्यासांत मला एकच विचारावंसं वाटतं: ताणाची जागा ठरवली कशी? ती आधी सळईनेच ठरली असेल, तर पुढचं महागडं यंत्र काय मोजतं?

जमीन माणसाला आजारी पाडू शकते, हे मात्र खरं. १९८४ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या अणुवीज केंद्रात स्टॅन्ली वॉट्रस हे अभियंते कामावर येताना किरणोत्साराची घंटा वाजू लागली. दोष केंद्राचा नव्हता, त्यांच्या घराचा होता. खालच्या खडकातून झिरपणारा रेडॉन वायू घरात साठला होता. तो बाहेर काढण्याची व्यवस्था झाली आणि कुटुंब परत राहायला आलं. फुप्फुसाच्या कॅन्सरच्या कारणांत धूम्रपानाखालोखाल रेडॉनचं नाव घेतलं जातं. उलट, केरळात करुनागपल्लीच्या किनाऱ्यावर वाळूतल्या मोनाझाइटमुळे जमिनीतून खरोखरच किरण येतात. तिथल्या सुमारे ७० हजार रहिवाशांवर सरासरी साडेदहा वर्षं लक्ष ठेवलं गेलं. २००९ साली छापलेल्या निष्कर्षात त्या किरणांमुळे कॅन्सर वाढल्याचं आढळलं नाही. भीती खरी ठरो वा खोटी, दोन्ही ठिकाणी मोजमाप मात्र कोणीही पडताळावं असं होतं.

शहरांत आता सल्लागार लेकर अँटेना, म्हणजे काटकीचंच नवं रूप, घेऊन फ्लॅट तपासतात. तपासून घ्यायचाच असेल, तर दोघांना वेगवेगळ्या दिवशी बोलवावं. पहिल्याने फरशीवर खडूने रेघा मारल्या की फोटो काढून त्या पुसून टाकाव्यात आणि दुसऱ्याला काही न सांगता खडू द्यावा. फी दुप्पट जाईल, पण उपाय म्हणून तांब्याच्या सळया पुरण्याचा खर्च बहुधा वाचेल.