न बोचणारे खडे

ज्या व्याधीवर उपाय नाही ती कळून लाभ काय, हा प्रश्न आम्ही आजवर केवळ वादासाठी घालीत असू. गतवर्षी नोएडात चष्म्याचा नंबर तपासावयास गेलो, तेव्हा तो आमच्याच अंगावर आला. दृष्टी ज्या मज्जातंतूवाटे मेंदूकडे जाते, त्याचे मुख दोन्ही डोळ्यांत फुगलेले दिसले. मेंदूभोवतीचा दाब वाढला तरी असेच दिसते, आणि दाब गाठीनेही वाढतो. एमआरआय होईपर्यंतचे चार दिवस आम्ही कचेरीत फायली उघडल्या खऱ्या, वाचली एकही नाही.

गाठ निघाली नाही. पुढे डोळ्यांच्या सोनोग्राफीत दोन्हीकडे एकेक ठिपका लखलखला. यंत्राची तीव्रता उतरवली, भोवतालचे चित्र विझले, तरी तो विझेना. ते चुन्याचे कण होते. त्यांस 'ड्रूझेन' म्हणतात; खडकाच्या पोकळीत जमलेल्या स्फटिकांचे हे जर्मन नाव. हाइनरिख म्युलर यांनी ते १८५८ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. कण घालविणारा सिद्ध उपाय मात्र अद्याप नाही. दृष्टिक्षेत्र आणि डोळ्यांतील दाब नियमाने तपासावयाचा, एवढेच. कित्येकांची दृष्टी कडेने झिजते. मधली बहुधा शाबूत राहते.

हे घराण्यात उतरू शकते, असे डॉक्टर जाता जाता म्हणाले. आमची धाकटी बहीण नागपुरास असते. तिचे लग्न ठरत आहे. तिलाही हे असेलच असे नाही. आई म्हणते, "जे बोचत नाही ते उकरावे कशाला?" यात माया आहे, तशी स्थळ मोडण्याची धास्तीही आहे. प्रथम आम्हांसही ते पटले होते.

पण उद्या तिचे डोके दुखले आणि तेथेही हीच सूज दिसली, तर पाठीच्या कण्यातून पाणी काढण्यापर्यंत मजल जाईल. आमचा अहवाल हाती असल्यास सोनोग्राफी आधी होईल. (त्या कागदाच्या भरवशावर कोणी खरी सूजच झटकून टाकील, हेही भय आहे, म्हणून तपासणी टळू नये.) रोग हटत नसला तरी भलत्या उपचारांतून सुटका होते, ही गोष्ट वाद घालताना आमच्या कधी ध्यानी आली नव्हती.

राहिले लग्न. वरपक्षास सांगावे की नाही, हे तिने ठरवावे. पण ठरविण्यासाठी तिला कळावयास तर हवे! लपविण्याचा हक्क असलाच तर तो तिचा. आईस हे अजून मान्य नाही. अहवालाची प्रत आम्ही पाकिटात घातली आहे. सोबतचे पत्र दोनदा लिहून फाडले.