"आबा कुठे गेले?" लेकराला काय सांगावं

॥ श्री सद्गुरवे नमः ॥



आपल्या बालाघाटच्या सत्संग परिवारातल्या एका घरी चैत्रात आबा वारले. पाच वर्षांच्या नातवाला घरच्यांनी सांगितलं, "आबा झोपलेत." भेटायला गेलेल्या आम्ही साधकांनीही तेच म्हटलं, वर त्याच्या हातात चॉकलेट दिलं. तेरवी झाली. पण ते लेकरू रात्री झोपेना. बापाचा डोळा लागला की हलवून उठवायचं, "बाबा, डोये नका मिटू." हे कळलं तेव्हा आम्हाला आमच्याच शब्दांची लाज वाटली.

कठोपनिषदातला नचिकेता आपल्या सगळ्यांना माहीत आहे. तीन रात्री यमाच्या दारात उपाशी राहिलेल्या त्या मुलाने विचारलं, मेल्यावर माणूस असतो की नसतो? यमराजांनी आधी टाळलंच. शंभर वर्षं जगणारे पुत्र-पौत्र माग, हत्ती, घोडे, सोनं माग, पण हे विचारू नको. नचिकेता हटला नाही, तेव्हा कुठे खुद्द मृत्यूने तोंड उघडलं. आपणही लेकरापुढे चॉकलेट नाहीतर मोबाइल धरतो. फरक एवढाच, की यमराजांनी शेवटी उत्तर दिलं, आपण देतच नाही.

लहान लेकरू शब्द जसाच्या तसा धरतं. "झोपले" म्हटलं की झोपेची भीती. "गावाला गेले" म्हटलं की रोज दाराकडे डोळे. "देवाला आवडले म्हणून नेलं" म्हटलं की देवाचीच भीती. त्यात दहाव्याला कावळा दाखवायचा आणि रात्री तारा दाखवायचा. त्या जिवाने काय समजावं?

हंगेरीच्या मारिया नागी यांनी मुलांशी बोलून 1948 मध्ये हेच मांडलं. पाचच्या आतल्या मुलांना मरण म्हणजे झोप किंवा प्रवास वाटतो. मरण सगळ्यांना आहे आणि त्यातून परतणं नाही, हे नऊच्या पुढे नीट उमगतं. 2004 मध्ये अमेरिकेतल्या दोन अभ्यासकांनी मुलांना बाहुल्यांतून गोष्ट दाखवली, मगरीने उंदीर खाल्ला. उंदराला आता खाणंपिणं लागणार नाही, असं म्हणणारी मुलंही सांगत होती, की त्याचं आईवर प्रेम अजून आहे. यावरून आत्मा सिद्ध झाला असं आम्ही म्हणत नाही. पण शरीर थांबलं आणि प्रेम राहिलं, या दोन्ही गोष्टी लेकराच्या मनात एकत्र मावतात, एवढं नक्की.

त्या घरी शेवटी आजीनेच धीर केला. नातवाला मांडीवर घेतलं. "आपण खोटं बोललो बेटा. आबा झोपले नाहीत, वारले. झोपलेला माणूस सकाळी उठतो. आबांचं शरीर थांबलं. आता श्वास नाही, भूक नाही, दुखणंही नाही. ते परत येणार नाहीत." पोरगं विचारतं, "मंग आबा माझी आठवण काढतीन का?" आजी म्हणाली, "आबांच्या आतला आत्मा मरत नाही, असं आपले गुरू सांगतात आणि माझा त्यावर विश्वास आहे. आपण रोज दिवा लावताना त्यांची आठवण काढू." दोघंही खूप रडले. झोप लगेच आली नाही, हळूहळू आली.

मोठ्या मुलांना वैनगंगेवर न्या. आपल्या घाटावरचं पाणी पुढे वर्धा नदीला मिळतं, नाव प्राणहिता होतं. मग गोदावरी, मग समुद्र. वैनगंगा हे नाव सरतं, पाणी सरत नाही. पण हे आठ-दहा वर्षांच्या मुलाला. चार वर्षांचं लेकरू नदीतच आबा शोधत बसेल.

म्हणून सर्व परिवारांना हात जोडून विनंती:

🔸 "वारले" हा शब्द वापरा. झोप, प्रवास म्हणू नका.
🔸 आधी शरीराचं खरं सांगा, मग श्रद्धेचं. श्रद्धा सांगताना "आपण असं मानतो" म्हणा.
🔸 घरातल्या सगळ्यांनी एकच उत्तर द्या. लेकराने दहादा विचारलं तर दहादा द्या.
🔸 त्याच्यासमोर रडू आलं तर लपवू नका.

आत्मा अमर आहे हे आपण रोज प्रवचनात ऐकतो. ते लेकराच्या डोळ्यात बघून, न घाबरता सांगता येतं का, यातच आपलं ऐकणं किती मुरलं ते कळतं.

जय गुरुदेव 🙏
आपला सत्संग परिवार, बालाघाट