घोड्याचा नकार

घोड्यांचे ट्रेनर जिंजर मॅकेन यांचा तबेला होता इंग्लंडमधल्या साउथपोर्टमध्ये, जुन्या मोटारी विकायच्या शोरूमच्या मागे. मॅकेन टॅक्सीही चालवायचे. घोडे पळवायला कुरण नव्हतं, म्हणून ओहोटीनंतरची ओली वाळू हेच त्यांचं मैदान. त्यांच्या टॅक्सीतून नेहमी जाणारे नोएल ल मेअर वयाच्या चौऱ्याऐंशीतही ग्रँड नॅशनल ही अडथळ्यांची घोडदौड जिंकायचं स्वप्न बाळगून होते. त्यांच्यासाठी मॅकेन यांनी ऑगस्ट १९७२मध्ये डॉनकास्टरच्या लिलावात ६,००० गिनींना रेड रम हा घोडा घेतला.

पहिल्याच सरावात घोडा लंगडला. खुरातल्या हाडाचं जुनं दुखणं होतं. मॅकेन यांनी त्याला समुद्रात चालवलं, आणि बाहेर आला तेव्हा त्याची चाल सरळ झाली होती. पुढे रेड रमने १९७३, १९७४ आणि १९७७ अशी तीनदा ग्रँड नॅशनल जिंकली. मधली दोन वर्षं तो दुसरा आला. तीन विजय आजवर दुसऱ्या कुठल्याच घोड्याला साधलेले नाहीत.

हे कर्तृत्व कुणाचं? गीतेच्या अठराव्या अध्यायात कुठल्याही कर्मामागे पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, नाना प्रकारची चेष्टा आणि दैव. वाळू हे अधिष्ठान म्हणता येईल, रोजची मेहनत ही चेष्टा. १९७३च्या शर्यतीत दैवही उघड दिसतं. क्रिस्प हा ऑस्ट्रेलियन घोडा खूप पुढे निघून गेला होता, पण त्याच्या पाठीवर रेड रमपेक्षा २३ पौंड जास्त वजन होतं. शेवटच्या काही ढांगांत तो पाऊण लांबीने हरला. खरी अडचण मात्र घोड्यापाशी येते. त्याला कर्ता म्हणायचं की करण, म्हणजे साधन?

करण म्हटलं तर सगळं सोपं होतं. १९७३च्या त्याच शर्यतीत ग्रे सोम्ब्रेरो हा घोडा ‘चेअर’ या अडथळ्यापाशी पडला आणि त्याला मारावं लागलं. घोडा हे साधनच असेल, तर एक साधन मोडलं एवढंच म्हणून पुढे जाता येतं. पण तसं कुणालाही म्हणवत नाही, मॅकेन यांनाही म्हणवलं नसतं. शिवाय तेच ट्रेनर असूनही पुढचा विजय मिळाला थेट २००४मध्ये, अँबरली हाउसच्या रूपाने. रेड रममध्ये त्याचं स्वतःचं असं काहीतरी होतं. तो कर्ता होता.

मग ज्या कर्त्याला कुणी विचारलंच नाही, त्याच्या कर्माचं ओझं कुणावर? शर्यतीचे चाहते म्हणतात, स्वार पडल्यावरही घोडा उड्या मारत पळत राहतो, म्हणजे त्याला हे आवडतंच. हा पुरावा लंगडा आहे. घोडा कळपाचा प्राणी. कळप धावला की तो धावतो. त्यातून होकार सिद्ध होत नाही.

नकार मात्र घोड्याला देता येतो. तो अडथळ्यापुढे अडतो, चारा टाकतो, पाय उचलून धरतो. चांगल्या ट्रेनरचं अर्धं आयुष्य हा नकार वेळेवर ओळखण्यात जातं, आणि मॅकेन यांची थोरवी इथेच आहे. १९७८मध्ये रेड रम सहाव्यांदा उतरणार होता, सारा देश वाट पाहत होता. आदल्या दिवशी हाडाला बारीक चीर असल्याचं कळलं आणि घोडा मागे घेतला गेला. तो पुन्हा त्या शर्यतीत धावला नाही. तीस वर्षांचा होऊन १९९५मध्ये वारला आणि ग्रँड नॅशनलच्या एंट्री मैदानातल्या विजयरेषेजवळ पुरला गेला.

हेच मॅकेन एंट्रीचे अडथळे सौम्य करायला कडाडून विरोध करत. तिथे त्यांचं चुकलं. स्वतःच्या तबेल्यातल्या एका घोड्याचा पाय त्यांना वाचता येत होता. पण तीस-चाळीस घोडे एकदम सुटले की एकेकाचा नकार ऐकायला मैदानावर कुणाला सवड नसते. तेव्हा मैदानालाच तो आधी ऐकावा लागतो. २०१३मध्ये अडथळ्यांच्या आतला लाकडी गाभा बदलला, २०२४पासून घोडे चाळीसवरून चौतीसवर आणले. हे बदल मॅकेन यांच्या हयातीत व्हायला हवे होते.