कुणाला हसावं?

गणपतीच्या सुट्टीत माझी भाची नंदीग्राम एक्स्प्रेसने मुंबईहून आदिलाबादला आली, तेव्हा तिच्या पिशवीत कपड्यांपेक्षा कागदच जास्त होते. ती कला महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षाला आहे. वर्षअखेर एक सचित्र पुस्तक करून द्यायचं असतं. तिने विषय घेतला राजकीय व्यंगाचा. चोवीस पानांचा कच्चा आराखडा तिने माझ्यासमोर जमिनीवर मांडला आणि म्हणाली, "मावशी, आधी तू बघ."

गोष्ट साधी होती. एक पुढारी दर निवडणुकीला ओढ्यावरच्या पुलाचं भूमिपूजन करतो, नारळ फोडतो आणि निघून जातो. पूल काही होत नाही. शेवटच्या पानावर करवंट्यांचा ढीग एवढा वाढतो की गावकरी त्याच्यावरूनच ओढा ओलांडतात. मी खळखळून हसले. पावसाळ्यात इथल्या खेड्यांतून ओढ्याला पाणी आलं की काय होतं, ते आम्ही दरवर्षी ऐकतो.

मग माझी नजर मधल्या एका पानावर गेली. पुढारी एका पायाने लंगडत चालला होता आणि मागे पोरं त्याची नक्कल करत होती. तो कोण, हे इकडच्या कुणालाही सांगावं लागलं नसतं. माझं हसू तिथेच थांबलं.

"हे पुस्तक राहू दे," मी म्हणाले. "दुसरा काहीतरी विषय घे. आपण जैन माणसं. कुणाची टिंगल करणं हीसुद्धा हिंसाच."

ती कागद गोळा करत म्हणाली, "आणि पूल न बांधणं?"

मी भांडी घासायला उठले.

आमच्याकडे दशलक्षण पर्वात मंदिरात रोज तत्त्वार्थसूत्राचा एक अध्याय वाचतात. सातव्या दिवशी सातवा, व्रतांचा अध्याय आला. सत्यव्रत पक्कं व्हावं म्हणून त्यात पाच भावना सांगितल्या आहेत. क्रोध सोडावा, लोभ सोडावा, भित्रेपणा सोडावा, थट्टामस्करी सोडावी आणि विचार करून बोलावं. लग्न होऊन आल्यापासून मी हे ऐकते आहे. दरवेळी माझा कान थट्टेवर थांबायचा. सुनांना-लेकींना गप्प करायला तो शब्द सोयीचा आहे ना! त्या दिवशी मात्र मी भित्रेपणावर अडले.

कारण खरं सांगायचं तर भाचीला 'अहिंसा' म्हणताना माझ्या डोळ्यांसमोर त्या पुढाऱ्याचं दुखावलेलं मन नव्हतंच. आमच्या दुकानाच्या परवान्याचं नूतनीकरण अडकलं होतं आणि त्याच्या एका शब्दाने ते सुटू शकत होतं, हे माझ्या डोळ्यांसमोर होतं. मी भ्याले होते, आणि त्या भीतीला धर्माचं नाव दिलं होतं.

थट्टा आणि भीती एकाच रांगेत का ठेवली असेल? मला वाटतं, दोन्हींत माणूस खोटं बोलतो म्हणून. समोरच्यांनी हसावं म्हणून आपण नसलेलं जोडतो. भीतीपोटी असलेलं लपवतो. व्यंगचित्रकाराला या दोन्हींच्या मधून वाट काढायची असते.

१९४८ साली 'शंकर्स वीकली' सुरू झालं, तेव्हा पंतप्रधान नेहरूंनी व्यंगचित्रकार शंकर यांना, मलाही सोडू नका, असं सांगितल्याचं प्रसिद्ध आहे. शंकर यांनी सोडलंही नाही. सत्तेवरच्या माणसाने हसून घ्यावं, हे योग्यच. पण त्याच शंकर यांचं १९४९चं एक चित्र आठवा. राज्यघटना म्हणजे गोगलगाय, तिच्यावर चाबूक घेऊन बसलेले डॉ. आंबेडकर आणि मागे चाबूक उगारलेले नेहरू. अकरावीच्या पाठ्यपुस्तकात छापलेल्या या चित्रावरून २०१२ साली संसदेत गदारोळ झाला. घटनेच्या कामाला वेळ लागतोय, एवढंच चित्रकाराला दाखवायचं असेल. पण ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या मार सोसला, त्याला आधी चाबूकच दिसणार. हेतू वाईट नसला तरी बेसावधपणाने दुखापत होते. आपल्या शास्त्रात त्यालाच प्रमाद म्हणतात.

त्या रात्री मी भाचीजवळ बसले. म्हटलं, "पुस्तक पुरं कर. मी घाबरून बोलले होते. पण ते लंगडं पान मला अजूनही खटकतंय."

"व्यंगचित्रात काहीतरी वाढवूनच दाखवावं लागतं, मावशी. नाहीतर माणूस ओळखू कसा येणार?"

"त्याचं पाऊल वाकडं पडतं, त्यात त्याचा काय दोष? पूल झाला नाही, हा त्याचा दोष. वाढवायचं तर ते वाढव. आणि आपल्या गल्लीत पोलिओ झालेली ती मुलगी आहे ना, तिच्या हातात हे पुस्तक पडलं तर ती कुणाला हसेल?"

ती बराच वेळ गप्प होती. आपल्या भाषेत शरीरातल्या उणिवेलाही व्यंग म्हणतात आणि कारभारातल्या खोटेपणावर बोट ठेवणाऱ्या चित्रालाही व्यंगचित्र. शब्द एकच असला तरी शरीराचं व्यंग माणसाने निवडलेलं नसतं. कारभारातलं त्याने स्वतः केलेलं असतं. हसायचं ते केलेल्यावर.

सकाळी उठून पाहते तर ते पान नव्याने काढलेलं. पुढारी सरळ चालतोय, पण त्याचे खिसे नारळांनी इतके फुगलेत की दारातून आत जाता येत नाही. हे चित्र मूळच्यापेक्षा जास्त बोचरं होतं. इथे लपायला दयेचा आडोसा नव्हता.

क्षमावाणीच्या दिवशी मी तिला मुंबईला फोन केला. माझ्या भीतीला धर्म म्हटलं, म्हणून तिची क्षमा मागितली. ती हसली, मग चाचरत म्हणाली, "मावशी, अर्पणपत्रिकेत तुझं नाव घालू? गावासकट?"

शेजारी हे हिशेब लिहीत बसले होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मान वर केली नाही, पण पेन थांबलं होतं.

"घाल," मी म्हणाले.

मैत्रिणींनो, परवाना अजून आलेला नाही. भीतीही पूर्ण गेली आहे, असं नाही. पण आता ती आली की मी तिला भीतीच म्हणते.